घोस्टचा पॉड पुन्हा पुन्हा क्रॅशलूपबॅकऑफमध्ये : मायग्रेशनचा लॉक सोडवूनही परत का अडकतो

गुरुवारी दुपारी बाबांचा फोन वाजला की काय झालंय ते मला आता न विचारता कळतं. ‘अगं, परत ते पांढरं पान आलंय. नो अव्हेलेबल सर्व्हर.’

बाबा निवृत्त झाल्यापासून महाराष्ट्रातल्या बारवांवर लिहितात. गावोगावी जाऊन पायऱ्या मोजतात, कोनाड्यांतल्या मूर्तींचे फोटो काढतात, आणि घरी आल्यावर दोन-दोन दिवस एका लेखावर बसतात. त्यांचा ब्लॉग मी पुण्यातल्या घरीच चालवते. तीन जुने मिनी पीसी, त्यांवर केथ्रीएसचा (कुबरनेटीसच्या हलक्या आवृत्तीचा) क्लस्टर, त्यात घोस्ट हा ब्लॉगचा प्रोग्रॅम आणि मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस, आणि पुढे केथ्रीएससोबत येणारा ट्रॅफिक नावाचा इन्ग्रेस, म्हणजे बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा दरवान. आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाईट जाते ती बहुतेक गुरुवारी. इन्व्हर्टरवर पंखे आणि राउटर आहेत, मशीन नाहीत.

वर्षभरात चार वेळा असं झालं की लाईट आली, तिन्ही मशीन उठली, मायएसक्यूएल उठलं, पण घोस्ट काही उठेना. पहिल्या तीन वेळा मी डेटाबेसमधला अडकलेला लॉक नुसता सोडवला, आणि या अडचणीवर सगळीकडे तेच सांगितलं जातं. त्यानं ब्लॉग सुरू होतो, म्हणून ते उत्तर बरोबर वाटतं. पण आजार तिथेच राहतो. चौथ्या वेळी मुळाशी जायचं ठरवलं, त्याची ही नोंद. कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.

तुमची अडचण हीच आहे का

कुबसीटीएल ही क्लस्टरला आदेश द्यायची कमांड, आणि पॉड म्हणजे प्रोग्रॅमचा कंटेनर ज्यात चालतो ती क्लस्टरमधली खोली. ‘कुबसीटीएल गेट पॉड्स’ केल्यावर घोस्टच्या ओळीत ०/१ आणि क्रॅशलूपबॅकऑफ (पुन्हा पुन्हा कोसळतोय) दिसतं, रीस्टार्टचा आकडा वाढत असतो. आधी दहा सेकंदांनी, मग वीस, मग चाळीस, असं करत कुबलेट (प्रत्येक मशीनवर पॉड चालवणारा कुबरनेटीसचा प्रोग्रॅम) दोन प्रयत्नांमधलं अंतर पाच मिनिटांपर्यंत वाढवतं. ‘कुबसीटीएल लॉग्ज’मध्ये मायग्रेशन्सआरलॉक्डएरर हे नाव असतं आणि खाली वाक्य : ‘मायग्रेशन लॉक वॉज नेव्हर रिलीज्ड ऑर करंटली अ मायग्रेशन इज रनिंग’. लॉक सोडलाच गेला नाही, किंवा आत्ता मायग्रेशन चालू आहे. मायग्रेशन म्हणजे नव्या व्हर्जनसाठी डेटाबेसची रचना बदलणं, आणि लॉक म्हणजे ते चालू असल्याची डेटाबेसमधली खूण.

हे वाक्य दिसत नसेल तर तुमची अडचण वेगळी आहे. तिच्यासाठी ‘सारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या अडचणी’ हा भाग बघा.

ब्लॉग बंद आहे आणि आधी तो सुरू करायचाय

आधी डिप्लॉयमेंट (घोस्टचे किती पॉड कसे चालवायचे ते ठरवणारी नोंद) शून्य पॉडवर आणा : ‘कुबसीटीएल स्केल डिप्लॉयमेंट घोस्ट --रेप्लिकाज=०’. पॉड खरंच गेला याची खात्री करा. ही पायरी गाळून थेट डेटाबेसमध्ये हात घालायचा मोह होतो, कारण पॉड तसाही पडलेलाच असतो. पण तो दर पाच मिनिटांनी पुन्हा उठतो, आणि तुम्ही लॉक सोडवलात त्याच क्षणी तो आत शिरून मायग्रेशन सुरू करू शकतो. तेही ज्या सेटिंगमुळे मेला त्याच सेटिंगसह.

मग मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’ बघा. घोस्ट मेला म्हणून डेटाबेसमधलं त्याचं काम थांबतंच असं नाही. एखादा मोठा ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारा आदेश) सुरू असताना समोरचा प्रोग्रॅम नाहीसा झाला तरी सर्व्हर तो आदेश पुढे चालवत राहू शकतो. यादीत ऑल्टर दिसला तर थांबा, तो संपू द्या.

नंतर बॅकअप. इथे एक गोष्ट तपशिलात सांगते, कारण माझा एक अख्खा बॅकअप यात वाया गेला आहे. ‘कुबसीटीएल एक्झेक’ला सवयीनं ‘-आयटी’ लावलं जातं. त्यातल्या ‘टी’मुळे टर्मिनल जोडलं जातं, आणि मग मायएसक्यूएलडंपचं आउटपुट आणि त्याच्या सूचना एकाच नळातून बाहेर येतात. फाइल उघडली तर पहिलीच ओळ एसक्यूएल नव्हती. कमांड लाइनवर पासवर्ड देणं असुरक्षित असू शकतं, ही मायएसक्यूएलची इंग्रजी सूचना तिथे बसली होती, आणि पुढे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा कॅरेज रिटर्न. बॅकअप घेताना ‘-आयटी’ अजिबात नको. ‘--सिंगल-ट्रान्झॅक्शन’ मात्र हवं. आणि फाइल झाली की ती उघडून एखादं मराठी वाक्य नजरेनं वाचून बघा. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं असतील तर कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ नाही, आणि तो बॅकअप तुमच्या कामाचा नाही.

आता लॉकच्या टेबलाकडे. ‘मायग्रेशन्स_लॉक’मध्ये एकच ओळ असते. तिच्यात लॉक्ड, ॲक्वायर्ड_ॲट आणि रिलीज्ड_ॲट हे तीन रकाने महत्त्वाचे. काही बदलण्याआधी ती ओळ कागदावर उतरवून ठेवा. पहिल्या तीन वेळा मी ते केलं नाही, आणि हाती असलेला एकमेव पुरावा पुसून टाकला. उतरवून झालं की :

अपडेट मायग्रेशन्स_लॉक सेट लॉक्ड = ० व्हेअर लॉक_की = ‘केएम०१’;

बहुतेक जण इथून थेट रेप्लिका (पॉडची संख्या) पुन्हा १ करतात. तसं करू नका. आधी पुढचे तीन भाग वाचून प्रोब, म्हणजे पॉड ठीक आहे का हे बघणारी कुबरनेटीसची तपासणी, बदला, मगच पॉड उठवा.

लॉक अडकतो कसा

घोस्टची नवी व्हर्जन पहिल्यांदा सुरू होते तेव्हा ती डेटाबेसची रचना स्वतःच्या गरजेप्रमाणे बदलून घेते. नवे रकाने, नवी टेबलं. हे काम नेक्स-मायग्रेटर नावाची लायब्ररी करते. सुरुवात करताना ती लॉक्डमध्ये १ लिहिते, संपलं की ०. मधेच कोणी प्रोसेस मारली तर ० लिहायला कोणी उरत नाही. आतून कडी लावून बसलेल्या माणसाला खिडकीतून उचलून नेलं, तसं. पुढचा प्रत्येक पॉड येतो, दार बंद बघतो, परत जातो.

म्हणजे लॉक ही फक्त खूण आहे. खरा प्रश्न : मायग्रेशन चालू असताना घोस्टला मारलं कोणी?

माझा पहिला संशय लाईटवर होता. मायग्रेशन चालू असतानाच लाईट गेली असेल. पण कागदावर उतरवलेल्या ओळीत ॲक्वायर्ड_ॲटची वेळ होती ९ वाजून ४८ मिनिटं. कंटेनरमधली वेळ यूटीसी असते, भारतीय वेळेसाठी तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे दुपारचे ३ वाजून १८ मिनिटं. लाईट परत आली होती सव्वातीनला. म्हणजे मायग्रेशन सुरूच झालं ते लाईट आल्यानंतर. लाईटचा त्या मरणाशी थेट संबंध नव्हता.

मग दुसरा प्रश्न उभा राहिला. मी अपग्रेड केलंच नव्हतं, तर मायग्रेशन सुरू कशाला झालं?

याचं उत्तर डिप्लॉयमेंटच्या फाइलमध्ये एका शब्दात होतं : लेटेस्ट. इमेजचा (म्हणजे प्रोग्रॅमच्या तयार प्रतीचा) टॅग लेटेस्ट असला आणि इमेजपुलपॉलिसी, म्हणजे ती प्रत कधी उतरवायची याचा नियम, लिहिलेली नसली, तर कुबरनेटीस ती पॉलिसी ‘ऑल्वेज’ धरतं. म्हणजे कुबलेट कंटेनर जेव्हा जेव्हा सुरू करतं, तेव्हा रजिस्ट्रीला (इंटरनेटवरच्या इमेजच्या कोठाराला) विचारतं की लेटेस्ट आता कोणती, आणि वेगळी असेल तर ती उतरवतं. इतर कुठलाही टॅग असेल तर पॉलिसी ‘इफनॉटप्रेझेंट’ धरली जाते, म्हणजे डिस्कवर असलेली इमेज वापरली जाते. माझ्याकडे महिना-महिना पॉड न थांबता चालायचा, तेवढ्यात घोस्टच्या पाच-सहा व्हर्जन येऊन जायच्या, आणि लाईट गेली की रीस्टार्टच्या निमित्तानं माझ्या नकळत अपग्रेड व्हायचं. ज्या गुरुवारी ब्लॉग नीट उठायचा, त्या गुरुवारी बहुधा नव्या व्हर्जनमध्ये मायग्रेशन नसायचं किंवा किरकोळ असायचं. म्हणून अडचण कधी यायची, कधी नाही, आणि मला तिच्यात काही धागा दिसत नव्हता.

या लेटेस्टचा आणखी एक त्रास. लाईट आली पण ब्रॉडबँड अजून आलेलं नाही, अशा वेळी इमेज डिस्कवर असूनही पॉड इमेजपुलबॅकऑफमध्ये (इमेज मिळत नाही या अवस्थेत) अडकतो, कारण ऑल्वेजमध्ये रजिस्ट्रीशी बोलणं सक्तीचं आहे.

पुरावा का सापडत नाही

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि माझ्या मते यामुळेच ही अडचण इतक्या जणांना पुन्हा पुन्हा छळते. पॉड का मेला हे शोधायला आपण दोन ठिकाणी जातो. एक, ‘कुबसीटीएल लॉग्ज --प्रीव्हिअस’. दुसरं, ‘कुबसीटीएल डिस्क्राइब पॉड’च्या तळाशी असलेले इव्हेंट, म्हणजे घडामोडींच्या नोंदी.

प्रीव्हिअसमध्ये फक्त लगेच आधीच्या कंटेनरचा लॉग मिळतो. पहिला कंटेनर मायग्रेशन करताना मेला. दुसरा लॉक बघून मेला. तिसराही लॉक बघूनच. तुम्ही येता तेव्हा नववा चालू असतो, आणि प्रीव्हिअस तुम्हाला आठव्याचा लॉग दाखवतं. पहिल्याचा लॉग केव्हाच गेलेला असतो. इव्हेंटचंही तसंच. केथ्रीएसमध्ये आणि मूळ कुबरनेटीसमध्येही ते डीफॉल्टनं एकच तास ठेवले जातात. मी ऑफिसातून घरी येईपर्यंत त्या पहिल्या मरणाचे इव्हेंट निघून गेलेले असायचे, आणि समोर उरायच्या त्या फक्त लॉकच्या तक्रारी. जे दिसतं तेच कारण समजून माणूस लॉक सोडवतो आणि उठतो.

म्हणून मी तीच घटना पुन्हा घडवली. ‘तालीम’ नावाची वेगळी नेमस्पेस (क्लस्टरमधला स्वतंत्र कप्पा) केली, तिच्यात दुसरं मायएसक्यूएल उभं केलं आणि जुना बॅकअप भरला. आधीची व्हर्जन कोणती होती हे ‘मायग्रेशन्स’ टेबलातून कळतं, प्रत्येक ओळीत ती नोंदलेली असते. त्या व्हर्जनवर घोस्ट सुरू केलं, मग टॅग बदलून नवी व्हर्जन दिली. एका खिडकीत ‘कुबसीटीएल गेट इव्हेंट्स --वॉच’, दुसरीत लॉग.

साधारण दहाव्या सेकंदाला लॉगमध्ये सर्व्हर सुरू झाल्याची ओळ आली आणि त्यामागोमाग मायग्रेशनच्या ओळी सरकू लागल्या. तिसाव्या सेकंदाला इव्हेंटच्या खिडकीत पहिली ओळ उमटली : ‘लाइव्हनेस प्रोब फेल्ड : एचटीटीपी प्रोब फेल्ड विथ स्टेटसकोड : ५०३’. चाळिसाव्याला तीच. पन्नासाव्याला तीच, आणि लगेच खाली ‘कंटेनर घोस्ट फेल्ड लाइव्हनेस प्रोब, विल बी रिस्टार्टेड’. शेजारच्या खिडकीत मायग्रेशनच्या ओळी मधेच तुटल्या आणि आलं : ‘घोस्ट इज शटिंग डाउन’. पुढचा कंटेनर उठला तो थेट लॉकच्या तक्रारीसह.

घोस्ट स्वतःहून कोसळलं नव्हतं. माझ्याच प्रोबनं त्याला काम करताना मारलं होतं.

त्यामागचा हिशोब असा. घोस्ट सुरू होताना आधी एक छोटासा सर्व्हर उभा करतं, आणि डेटाबेस तयार होईपर्यंत येणाऱ्या प्रत्येक विनंतीला ५०३ देऊन ‘आत्ता देखभाल चालू आहे’ असं सांगतं. वाचकासाठी हे योग्य आहे. पण लाइव्हनेस प्रोबला (पॉड जिवंत आहे का हे बघणाऱ्या तपासणीला) २०० ते ३९९ मधलाच आकडा चालतो, ५०३ म्हणजे त्याच्या दृष्टीनं मेलेला. मी जी तयार फाइल उचलून वापरली होती तिच्यात पहिली तपासणी तिसाव्या सेकंदाला, पुढे दर दहा सेकंदांनी, आणि सलग तीन अपयशांनंतर मृत्युदंड असं होतं. म्हणजे घोस्टला उठायला एकूण पन्नास सेकंद. एरवी माझ्या मशीनवर ते वीस-पंचवीस सेकंदांत उठतं, त्यामुळे वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही. तालमीत ते मायग्रेशन प्रोब काढून चालवलं तेव्हा सव्वादोन मिनिटं लागली. गुरुवारी तर त्याच वेळी मायएसक्यूएलही अचानक बंद पडल्याची डागडुजी करत असतं, आणि तिन्ही मशीनच्या डिस्क एकदमच कामाला लागलेल्या असतात.

टर्मिनेशनग्रेसपीरियडसेकंड्स वाढवून काही होईल का, हेही तालमीत करून बघितलं. होत नाही. ती मुदत फक्त जबरदस्तीनं मारण्याआधी थांबण्याची. बंद होण्याचा इशारा मिळाला की घोस्ट मायग्रेशन संपायची वाट न बघता आवरतं घेतं.

कायमचा उपाय

स्टार्टअप प्रोब लावा. कुबरनेटीसच्या १.२० पासून तो पक्का झालेला आहे, त्यामुळे तुमच्याकडे नक्की असेल. जोपर्यंत स्टार्टअप प्रोब एकदा यशस्वी होत नाही, तोपर्यंत लाइव्हनेस आणि रेडिनेस (पॉड विनंत्या घ्यायला तयार आहे का हे बघणारा प्रोब) दोन्ही गप्प बसतात. माझ्याकडे पीरियडसेकंड्स १० आणि फेल्युअरथ्रेशोल्ड ९० आहे, म्हणजे घोस्टला उठायला पंधरा मिनिटं. हा आकडा मोठा ठेवल्यानं काही बिघडत नाही. घोस्ट वीस सेकंदांत उठलं तर प्रोब तिथेच पास होतो, उरलेला वेळ कुणी वाट बघत बसत नाही. इनिशियलडिलेसेकंड्स वाढवणं हा त्याला पर्याय नाही, कारण ती मुदत प्रत्येक सुरुवातीला पूर्ण भरावी लागते आणि तरीही मायग्रेशनला पुरेल याची हमी नसते.

लाइव्हनेसही सैल करा. टाइमआउट डीफॉल्टनं एकच सेकंद असतो. जुन्या मशीनवर एखाद्या मोठ्या फोटोचा आकार बदलताना घोस्ट सेकंदभर गप्प बसू शकतं. मी टाइमआउट ५, अंतर ३० आणि अपयशं ५ ठेवली आहेत. खरं सांगायचं तर एकट्या घोस्टसाठी लाइव्हनेस मुळीच नसला तरी चालेल. प्रोसेस कोसळली तर कुबलेट ती तसाही उठवतंच. मी तो ठेवला आहे तो फक्त प्रोसेस जिवंत असून अडकून पडली तर, एवढ्यासाठी.

प्रोबचा पत्ताही बघा. घोस्टचं यूआरएल एचटीटीपीएसचं असेल, तर पॉडच्या २३६८ पोर्टवर साध्या एचटीटीपीनं गेलेल्या प्रोबला ते ३०१ देऊन तुमच्या डोमेनकडे पाठवतं. कुबलेट दुसऱ्या होस्टकडे जाणारं रीडायरेक्ट पाळत नाही, फक्त यश मानून मोकळं होतं. म्हणजे आतली परिस्थिती न बघताच हिरवा कंदील. प्रोबच्या एचटीटीपीहेडर्समध्ये एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो : एचटीटीपीएस घातलं की खरं उत्तर मिळतं. पत्ता म्हणून मी मुखपृष्ठाऐवजी ‘/घोस्ट/एपीआय/ॲडमिन/साइट/’ वापरते. त्याला लॉगइन लागत नाही आणि दर वेळी अख्खं थीम रेंडर होत नाही.

इमेजचा टॅग पूर्ण लिहा, तिन्ही आकड्यांसह. नुसता ५ किंवा ६ लिहून पूर्ण काम होत नाही. तो टॅगही पुढे सरकत असतो, आणि पॉड दुसऱ्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या दुसऱ्या मशीनवर, गेला की तिथे तेव्हाची इमेज उतरते. अपग्रेड कधी व्हायचं हे तुम्ही ठरवायचं, लाईटनं नाही.

आता डिप्लॉयमेंटची स्ट्रॅटेजी, म्हणजे जुना पॉड बदलून नवा कसा आणायचा ती पद्धत. हा मुद्दा मायग्रेशनइतकाच महत्त्वाचा आहे, आणि याच्याकडे फार जणांचं दुर्लक्ष होतं. काही लिहिलं नाही तर कुबरनेटीस रोलिंगअपडेट धरतं. त्यात जादा पॉड पंचवीस टक्के, वर पूर्ण केलेले, आणि गैरहजर पॉड पंचवीस टक्के, खाली पूर्ण केलेले. एका रेप्लिकाला हे लावलं की जादा १ आणि गैरहजर ०. म्हणजे नवा पॉड आधी उठतो, तो तयार होईपर्यंत जुना चालूच. घोस्ट एका साइटसाठी एकच चालवायचं असतं, एकाच वेळी दोन चालवण्याला त्याचा आधार नाही. पण अपग्रेडच्या वेळी नेमकं तेच होतं : नवा पॉड टेबलांची रचना बदलतोय आणि जुना त्याच टेबलांवर बाबांचा मसुदा सेव्ह करतोय. दोन्ही पॉड वेगवेगळ्या नोडवर पडले आणि फोटोंची डिस्क रीडराइटवन्सची (एका वेळी एकाच नोडला जोडता येणारी) असली, तर वेगळीच गोष्ट होते. डिस्क जुन्या नोडनं धरलेली असते, नवा पॉड मल्टी-अटॅच एररवर अडतो, जुना पॉड नवा तयार व्हायची वाट बघतो, आणि दोघंही तसेच उभे राहतात.

स्ट्रॅटेजीचा टाइप रीक्रिएट करा. आधी जुना जाईल, मग नवा येईल. अपग्रेडच्या वेळी दोन-चार मिनिटं ब्लॉग बंद राहील, ते चालेल. बदल करताना जुना रोलिंगअपडेटचा तुकडा फाइलमधून काढून टाका, नाहीतर टाइप रीक्रिएट असताना तो चालणार नाही असं सांगून एपीआय सर्व्हर फाइल परत करतो.

हेल्म (कुबरनेटीसवर प्रोग्रॅम बसवायचं साधन) वापरत असाल तर ‘--ॲटॉमिक’बद्दल सावध राहा. हेल्म डीफॉल्टनं पाच मिनिटं वाट बघतं. मायग्रेशन त्याहून लांबलं तर ते अपग्रेड फसलं असं समजून आधीच्या रिलीजवर परत जातं. पॉड मायग्रेशनच्या मधेच मारला जातो, लॉक अडकतो, आणि वर जुना घोस्ट अर्ध्या बदललेल्या डेटाबेससमोर उभा राहतो. टाइमआउट वीस मिनिटांचा द्या. मायग्रेशन चालू असताना नोड ड्रेन केला (त्यावरचे पॉड काढून तो रिकामा केला) तरीही परिणाम तोच, तेव्हा नोडची दुरुस्ती आणि घोस्टचं अपग्रेड एका दिवशी घेऊ नका.

अर्धवट राहिलेल्या मायग्रेशनचं पुढे काय, हा प्रश्न रास्त आहे. मायएसक्यूएलमध्ये रचना बदलणारा प्रत्येक आदेश लगेच पक्का होतो, सगळे मिळून एका ट्रान्झॅक्शनमध्ये मागे घेता येत नाहीत. पण घोस्टच्या अलीकडच्या मायग्रेशनपैकी बरीचशी रकाना आधीच आहे का हे बघून घेतात आणि असेल तर पुढे जातात. त्यामुळे लॉक सोडवून पुरेसा वेळ दिला की बहुतेकदा ती नीट पूर्ण होतात. तरीही ‘हे टेबल आधीच आहे’ अशा तक्रारीवर अडकलं, तर हातानं टेबलं पुसत बसू नका. अपग्रेडआधीचा बॅकअप भरा आणि पुन्हा सुरुवात करा.

सारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या अडचणी

शेवटच्या कंटेनरचा एक्झिट कोड १३७ आणि कारण ओओएमकिल्ड असेल, तर मेमरीची मर्यादा कमी पडते आहे. ती वाढवा. मायग्रेशनच्या मधेच असं झालं असेल तर लॉकही अडकलेला असेल, दोन्ही सोडवावं लागेल.

इकनरिफ्यूज्ड दिसत असेल तर मायएसक्यूएल अजून उठलेलं नाही. लाईट आल्यावर कुठला पॉड आधी उठेल याला क्रम नसतो. हे थोड्या वेळात आपोआप निवळतं. इनिट कंटेनर (घोस्टच्या आधी चालणारा छोटा कंटेनर) लावून डेटाबेसची वाट बघायला लावलं तर रीस्टार्टचे आकडे फुगत नाहीत, बाकी फरक नाही.

अपग्रेडनंतर लेख शाबूत पण फोटो गायब असतील, तर डिस्क जोडलेलीच नाही, किंवा चुकीच्या जागी जोडली आहे. ती ‘/व्हार/लिब/घोस्ट/कंटेंट’ला जोडायची. एक पायरी वर, नुसत्या ‘/व्हार/लिब/घोस्ट’ला जोडली तर रिकामी डिस्क घोस्टच्या प्रोग्रॅमवरच झाकण घालते आणि त्याला स्वतःच्या फाइल सापडत नाहीत.

पॉड हिरवा, पण ब्राउझर म्हणतो फार रीडायरेक्ट झाली. टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) ट्रॅफिकच्याही पुढे, एखाद्या टनेलवर किंवा प्रॉक्सीवर संपत असेल तर हे होतं. ट्रॅफिक बाहेरून आलेल्या एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोवर आपणहून विश्वास ठेवत नाही, स्वतःचं ‘एचटीटीपी’ लिहितं. घोस्ट ते बघून एचटीटीपीएसकडे पाठवतं, आणि चक्र सुरू राहतं. ट्रॅफिकच्या एंट्रीपॉइंटला फॉरवर्डेडहेडर्सखाली ट्रस्टेडआयपीजमध्ये त्या प्रॉक्सीचा पत्ता द्या.

मोठा फोटो चढवताना ४१३ येत असेल आणि पुढे इन्ग्रेस-एनजिनएक्स असेल, तर त्याची डीफॉल्ट मर्यादा एक एमबी आहे. प्रॉक्सी-बॉडी-साइझची ॲनोटेशन वाढवा.

अपग्रेड आता असं करते

रविवारी सकाळी बाबांना लिहिणं थांबवायला सांगते. बॅकअप घेते, तो तालीम नेमस्पेसमध्ये भरते, नवी व्हर्जन आधी तिथे उठवते आणि किती वेळ लागतो ते बघते. खरा ब्लॉग मग त्याच टॅगवर. संपल्यावर ‘मायग्रेशन्स_लॉक’ची ओळ बघते : लॉक्डमध्ये ०, आणि रिलीज्ड_ॲटची वेळ ॲक्वायर्ड_ॲटच्या नंतरची. त्यानंतर बाबांना फोन करून एक फोटो चढवायला सांगते, कारण डिस्क लिहिण्याजोगी जोडली गेली आहे का हे दुसऱ्या कशानंही इतकं पटकन कळत नाही.

स्टार्टअप प्रोब लावल्यापासून आठ गुरुवार लाईट गेली. रीस्टार्टचा आकडा दर वेळी एक-दोनानं वाढला तो मायएसक्यूएलची वाट बघताना. लॉक एकदाही अडकला नाही.